'मंडे वॉश'च्या शेवटचं हसू

"अ‍ॅम्ब्रोझ, ये. आत्ताच्या आत्ता ये. माझं नाव फुटलं रे."

एवढंच बोलून क्लीऑन मेबेरीनं फोन ठेवला. अ‍ॅम्ब्रोझ टॅली नुकताच चर्चहून घरी येऊन बुटांच्या नाड्या सोडत होता. त्यानं त्या पुन्हा बांधल्या.

टॅलीनं सदतीस वर्षं रेल्वेच्या शयनडब्यांत पोर्टर म्हणून काढली होती. हजारो लोकांच्या बॅगा उचलताना त्याला एक खोड लागली. माणूस काय सांगतो ते तो ऐकून घ्यायचा आणि भरवसा सामानावर ठेवायचा. आता निवृत्त होऊन तो सेंट लुईसमधल्या आमच्या व्हिल या काळ्या लोकांच्या वस्तीत राहत होता. कुणाचं काही हरवलं की पोलिसांच्या आधी टॅलीला बोलावणं जायचं. पोलिस आले की वस्तू मिळायची नाही, वर घरातला एखादा माणूस ते उचलून न्यायचे. १९६१ साली तरी आमच्याकडे अशीच तऱ्हा होती.

क्लीऑन राहायचा झेनोबिया पेटिसबाईंच्या घरात, वरच्या खोलीत. टॅली पोचला तेव्हा तो खाटेच्या कडेवर बसला होता. चर्चचा कोट अजून अंगात होता. वय सदुसष्ट, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोर जमिनीवर काळ्या तबकडीचे आठ-दहा तुकडे पडले होते. स्टूल आडवं झालेलं. खिडकी उघडी.

"कुणी केलं?"

"बोका," दारातून झेनोबियाबाई म्हणाल्या. त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला होता. "शेजारचा मेला जनरल. खिडकीतून आला असणार. मागच्याच आठवड्यात त्यानं माझी कुंडी पाडली."

टॅली गुडघ्यांवर हात टेकत खाली बसला. मधल्या तुकड्यावर पांढरा कागद होता. त्यावर तपकिरी शाईत एक आकडा आणि 'मंडे वॉश, दुसरी खेप' एवढंच लिहिलेलं. तबकडीचं कागदी पाकीट मात्र उशीवर होतं. नीट, सपाट, एक सुरकुती नाही की ओरखडा नाही.

"बोका हुशार दिसतोय," टॅली म्हणाला. "आधी पाकिटातून तबकडी काढली, पाकीट उशीवर ठेवलं, मग फोडली."



टॅलीनं रुमाल ओला करून आणला आणि एकेक तुकडा पुसायला घेतला. पुढून पुसला, मागून पुसला. रेघांत अडकलेली धूळ काही निघेना. एका तुकड्यानं अंगठा कापला तेव्हा त्यानं सगळे तुकडे कागदात गुंडाळून काखेत मारले.

"कशाला नेतोस?" क्लीऑननं विचारलं. "डिंकानं चिकटवणार आहेस?"

"माझ्याकडे राहू दे. इथे ठेवलेस तर रात्रभर बघत बसशील."

ही तबकडी काय होती ते सांगायला हवं. 'मंडे वॉश', म्हणजे सोमवारची धुणी, ही धून आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. १९२८ साली रॉयल बिब्जच्या बॅन्डनं शिकागोत ती ध्वनिमुद्रित केली. बॅन्डपेक्षा तिच्या मधोमध येणारी गिटारच लोकांच्या कानात बसली. अर्ध्या मिनिटाचा तुकडा, पण देशभर ज्यानं ज्यानं गिटार हातात धरली तो आधी तोच तुकडा वाजवायला शिकला. कंपनीच्या वहीत वादकाचं नाव आहे होसीया पेटिस. झेनोबियाबाईंचा नवरा, क्लीऑनचा जिवलग मित्र. सतरा वर्षांपूर्वी वारला. आमच्या चर्चच्या तळघरात त्याची तसबीर आहे आणि खाली पितळी पट्टीवर लिहिलंय: 'मंडे वॉश'चा गिटारवादक.

वाजवलं होतं क्लीऑननं.

तेव्हा क्लीऑन दुसऱ्या एका कंपनीशी करारानं बांधलेला होता. बाहेर वाजवलं असतं तर करार मोडला असता. त्याच सकाळी होसीयाचं बोट मोटारीच्या दारात चेचलं. बिब्ज हातापाया पडला, क्लीऑन वाजवायला बसला, वहीत होसीयाचं नाव लागलं. ठरलं असं होतं की करार संपला की होसीया सगळ्यांना खरं सांगेल. करार संपला. होसीयाला त्या नावावर कामं मिळत होती, त्याचं लग्न ठरत होतं. मग ते राहिलंच. क्लीऑनच्या स्वतःच्या नावावर बारा-पंधरा रेकॉर्डी निघाल्या, खपल्या नाहीत, विसरल्या गेल्या. तीस वर्षं त्यानं शाळेत झाडू मारला.

पुरावा एकच होता. बाजारात आणायच्या आधी कंपनी एक नमुन्याची तबकडी काढायची, फक्त ऐकून बघायला. पहिल्या खेपेची बाजारात गेली. दुसऱ्या खेपेत घोटाळा झाला, कारण धून संपली तरी मेणावर आवाज कोरणारी सुई चालूच राहिली आणि नंतरचं बोलणंही कोरलं गेलं. ती नमुन्याची तबकडी तंत्रज्ञानं क्लीऑनला देऊन टाकली. त्यानं ती पाकिटात घालून ट्रंकेत तेहतीस वर्षं जपली. कुणाला हात लावू द्यायचा नाही.

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, टॅली त्याच खोलीत होता. मिनेसोटाहून पीटर नावाचा एक गोरा पोरगेला माणूस आला होता. चष्मा सारखा नाकावर घसरणारा, जुन्या रेकॉर्डींसाठी वेडा. एक कंपनी जुनं संगीत मोठ्या तबकडीवर पुन्हा काढत होती आणि वेष्टनावरचा मजकूर लिहिण्याचं काम त्याच्याकडे होतं. बुधवारी मजकूर छापायला जाणार होता. पुरावा मिळाला तर क्लीऑनचं नाव, नाही तर होसीयाचं. मग ते कायमचं.

क्लीऑननं तबकडी उलटी करून दाखवली होती. "ही पाठ बघ. सपाट, काळी, आरशासारखी. त्या काळी हिच्यात बघून मी भांग पाडायचो. आता आरसा आहे, केस गेले."

मग त्यानं ती लावली. तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली आणि रॉयल बिब्ज आला. सत्तरी उलटली तरी बुटांवर पांढऱ्या पट्ट्या, खिशात रेशमी रुमाल. मागोमाग झेनोबियाबाई लिंबू सरबत घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. धून संपली. खरखर झाली. आणि तरुण बिब्जचा आवाज आला: "क्लीऑन, लेका, आज तू कपडे धुतलेस नि वाळतही घातलेस!" त्यावर कुणीतरी मोठ्यानं, पोट धरून हसलं. मग तबकडी संपली.

"हा हसणारा कोण?" पीटरनं विचारलं होतं.

"होसीया," क्लीऑन म्हणाला. "बोटाला चिंधी बांधून कोपऱ्यात बसला होता. त्याचा आवाज म्हणून जगात एवढंच उरलंय."

बिब्ज सरबत न पिता गेला. पीटर म्हणाला, तबकडी आत्ताच द्या. क्लीऑननं मान हलवली. "सोमवारी सकाळी ने. एक रविवार अजून माझ्याकडे राहू दे."

त्या एका रविवारनं घात केला.

*

रविवारी संध्याकाळी टॅलीनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुकडे मांडले आणि जुळवत बसला. एक तुकडा त्यानं बोटांत धरून उलटा केला, पुन्हा सुलटा केला. कॉफी निवून गेली. मग त्यानं स्वतःच्या टकलावर एक चापट मारली आणि टोपी घेऊन बाहेर पडला.

बिब्ज न्हाव्याच्या दुकानावर राहायचा. तो दारातच गरजला, "मला माहीत होतं तू येणार! सगळी वस्ती माझ्याकडेच बोट दाखवणार."

"दाखवायला कारण आहे. पीटरच्या कंपनीला तू लिहून दिलंस की गिटार होसीयाचीच."

"दिलं लिहून."

"आणि शनिवारी तुझ्याच तोंडून खरं बाहेर पडलं."

"पडलं. रात्रभर झोप नाही मला. खोटारडा म्हणून मरायची हौस नाही, पण चोरही नाही मी."

"आज सकाळी कुठे होतास?"

"चर्चमध्ये, तुझ्या मागच्या बाकावर. तू प्रवचनात घोरत होतास."

"चिंतन करत होतो. रॉयल, नमुन्याच्या तबकड्या किती हाताळल्यास?"

"शे-दोनशे. का?"

"अंधारात हातात दिली तर ओळखशील?"

"बायको ओळखणार नाही, पण ती ओळखीन."

टॅली तिथून पीटरकडे गेला. पीटर कोपऱ्यावरच्या लॉजमध्ये डोकं धरून बसला होता. त्याला बिचाऱ्याला वाटत होतं की टॅली त्याला मारायला आलाय.

"तुला ती तबकडी हवी होती?"

"कुणाला नको असेल? जगात एकच होती."

"मग पळवून, तिच्या जागी दुसरी फोडून ठेवायची. सोपं आहे."

पीटरचा चष्मा पुन्हा घसरला. "साहेब, मला तसं करायचं असतं तर दुसरीही नमुन्याचीच आणली असती. माझ्याकडे चार आहेत."

"अस्सं," टॅली म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं दिसलं.

शेवटी तो झेनोबियाबाईंकडे गेला. त्या भांडी विसळत होत्या.

"सिस्टर पेटिस," टॅलीनं चर्चच्या रीतीनं हाक मारली, "क्लीऑन कसा आहे?"

"जेवला नाही. वर पडलाय."

"आज तुम्हाला चर्चला यायला उशीर झाला."

"केकवरचा पाक आळायचा होता. प्रवचन सुरू झाल्यावर आले. का हो?"

"केक उत्तम होता. पण काचेच्या बशीत, फडक्यात बांधून आणलात. निम्मा पाक फडक्यानंच खाल्ला. तुमचा तो कोंबड्यांच्या चित्रांचा केकचा डबा कुठे गेला?"

बाईंचा हात क्षणभर पाण्यात थांबला. "झाकण बसेना. वाकलंय."

"आणि तबकडी? तुम्ही कधी हातात घेतली होतीत?"

"तो हात लावू देतो का कुणाला? दर वाढदिवसाला लावायचा. मी आपली दारातून ती फिरताना बघायची."

टॅलीनं टोपी डोक्यावर ठेवली. "उद्या सकाळी नऊला सगळे इथे येतील. पीटरची गाडी अकराची आहे."

*

सोमवारी सकाळी झेनोबियाबाईंच्या जेवणाच्या टेबलाभोवती पाच जण बसले. भिंतीवरच्या फोटोतून होसीया गिटार मांडीवर घेऊन बघत होता. टॅलीनं कागद उलगडून तुकडे टेबलावर ओतले.

"क्लीऑन, हात पुढे कर. डोळ्यांनी नको, बोटांनी बघ. हा तुकडा. वरची बाजू?"

"रेघा आहेत."

"खालची?"

क्लीऑनचा अंगठा तुकड्याखाली फिरला, थांबला, परत फिरला. तेहतीस वर्षं त्यानं ती पाठ चोळली होती.

"रेघा आहेत," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला. "अ‍ॅम्ब्रोझ, हिच्याही पाठीला रेघा आहेत! ही माझी नाही!"

"नाही. नमुन्याची तबकडी एकाच बाजूनं कोरलेली असते, पाठ कोरी. ही बाजारातली साधी रेकॉर्ड आहे, दोन्ही बाजूंनी वाजणारी. मूळचे कागद भिजवून काढलेत. पुढच्या बाजूला पांढरा कागद चिकटवून, पाकिटाच्या मधल्या भोकातून दिसणारी तुझ्या तबकडीवरची अक्षरं उतरवलीत. मोतीबिंदूच्या डोळ्यांना एवढं पुरतं. मीसुद्धा काल पुढून-मागून पुसली आणि गाढवासारखा धुळीला शिव्या देत बसलो."

"म्हणजे खरी शाबूत आहे?" पीटर अर्धवट उठला.

"बस. आता बघा. हे करणाऱ्यानं दोन बाजूंची रेकॉर्ड का फोडली? कारण नमुन्याच्या तबकडीची पाठ कोरी असते हे त्याला ठाऊक नव्हतं. रॉयलला ठाऊक आहे. पीटरला ठाऊक आहे, आणि शनिवारी क्लीऑननं आपल्या टकलाचा विनोद केला तो त्यानं आणि मी ऐकला. म्हणजे ही चूक अशा माणसाची, ज्यानं ती तबकडी वर्षानुवर्षं पाहिली, पण फक्त फिरताना. वरून. दारातून."

बिब्जची काठी खाली पडली. कुणी उचलली नाही.

"दुसरी गोष्ट मला जास्त छळत होती," टॅली पुढे बोलत राहिला. आता तो कुणाकडेच बघत नव्हता. "पुरावा नको असेल तर खरी तबकडीच फोडायची, काम झालं. सोंग रचायची गरज काय? म्हणजे पुरावा नाहीसा व्हायला हवा होता आणि तबकडी राहायलाही हवी होती. विकायला? विकणारा माणूस तिची पाठ ओळखतो. मग कशासाठी राहायला हवी? तिच्यावर एक धून आहे, एक नाव आहे आणि शेवटी एक हसू आहे. नाव कुणाला नको असेल आणि हसू कुणाला हवं असेल?"

झेनोबियाबाई टेबलावरच्या कापडाची घडी बोटांनी सरळ करत होत्या.

"आपल्या चर्चच्या जेवणाला प्रत्येक बाई आपल्या भांड्याखाली चिकटपट्टीवर नाव लिहिते. भांडी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. सिस्टर पेटिसचा कोंबड्यांचा डबा वीस वर्षं एकाही रविवारी चुकलेला नाही. काल चुकला. दहा इंचांची तबकडी त्यात अलगद बसते. सिस्टर पेटिस, मला थोडा केक द्याल? डब्यातला."

मग बाई उठल्या, आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. झाकण अगदी सहज निघालं. आत पांढऱ्या रुमालावर तबकडी होती.

क्लीऑननं ती उचलली. पाठीवरून तळवा फिरवला. एवढा वेळ घट्ट धरलेला त्याचा चेहरा तिथे विस्कटला.

"तीन आठवड्यांपूर्वी पत्र आलं तेव्हा मी तुला विचारलं होतं, झेनोबिया," तो म्हणाला. "याच टेबलावर. तू नको म्हणाली असतीस तर मी पीटरला लिहिलं असतं, येऊ नकोस. तू काय म्हणालीस?"

"खरं असेल तर सांग, म्हणाले."

"आणि त्याच रात्री माझ्या तबकडीवरची अक्षरं गिरवायला बसलीस."

"मला वाटलं होतं तू मनचंच रचतोयस!" बाईंचा बांध फुटला. "म्हातारपणी माणसाला वाटतं सगळं आपणच केलं. होसीया मला म्हणायचा, झेनी, ही बोटं बघ, या बोटांनी 'मंडे वॉश' वाजवलंय. सोळा वर्षं मी ती बोटं धरून झोपले. तू वाढदिवसाला ती लावायचास तेव्हा धून संपली की मी जिना उतरायची. शेवट कधी ऐकलाच नव्हता. शनिवारी ऐकला. त्याचं बोट बांधलेलं, गिटार तुझी आणि हा हसतोय. माझ्या माणसाचं हसू, क्लीऑन. सतरा वर्षांनी. आणि ते ऐकू आलं तेच मुळी तो खोटा होता हे सांगायला." त्या थांबल्या. "रेकॉर्ड आधीच तयार होती. खरी जाळायची असंच ठरवलं होतं. पण हसू ऐकल्यावर हात धजेना."

"आणि तळघरातली ती तसबीर?" बिब्जनं हळूच विचारलं.

"माझ्याकडे आणखी आहेच काय, रॉयल? ना मूल, ना बाळ. चर्चमध्ये मला पुढचा बाक मिळतो तो त्या पट्टीमुळे."

क्लीऑन बोलला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं.

"होसीयानं मला फसवलं ते मी गिळलं. तो तरुण होता, त्याला घर मांडायचं होतं. तो गेल्यावर मी तोंड उघडणार होतो. तुला तसबिरीवरची धूळ पुसताना पाहिलं नि गप्प बसलो. सतरा वर्षं तुझ्या हातचं जेवलो आणि तुझ्यासाठी गप्प बसलो. तुला माहीत नव्हतं तोवर ठीक होतं. शनिवारी तुला कळलं, झेनोबिया. रविवारी तू केलीस ती चोरी खरं कळल्यावर केलीस. तुकड्यांसमोर मी बसलो होतो तेव्हा तू रुमालानं डोळे पुसत बोक्याला शिव्या देत होतीस."

बाईंनी मान खाली घातली.

पीटरनं घड्याळाकडे पाहिलं आणि चाचरत म्हणाला, "मिस्टर मेबेरी, तुमचं नाव आता मोठ्या अक्षरात जाईल. ही खेपच आम्ही तबकडीवर घेऊ, आवाजासकट. फक्त शेवटचं ते हसू कापावं लागेल, ते गोंगाटासारखं..."

"कापायचं नाही," क्लीऑन म्हणाला. "होसीयाचा त्यात तेवढाच वाटा होता. तेवढा त्याला मिळू दे."

"मीही येतो तुझ्याबरोबर. या घरात आता राहणं नाही," असं पीटरला सांगून तो वर गेला. टॅलीनं त्याची बॅग भरायला मदत केली. भरायला होतंच किती! दोन सदरे, एक कोट, गिटार. झेनोबियाबाई जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी तबकडी पुन्हा रुमालात गुंडाळून डब्यात ठेवली होती आणि डबा पुढे केला होता.

"गाडीत धक्के बसतात," त्या म्हणाल्या. "डब्यात राहू दे. डबा परत नाही दिलास तरी चालेल."

क्लीऑननं डबा घेतला. तो उलटा करून त्यानं तळाची चिकटपट्टी बोटांनी चाचपली. 'मिसेस एच. पेटिस.' मग झाकण उघडून तबकडी तेवढी काढून घेतली, कोटाच्या आत छातीशी धरली आणि डबा बाईंच्या हातात परत ठेवला.

"दुसऱ्याच्या नावाची वस्तू मी ठेवत नाही," तो म्हणाला.

टॅलीनं सवयीनं बॅग उचलली आणि दोघं पायऱ्या उतरून पीटरच्या मागोमाग स्टेशनाकडे निघाले.